डॉ. हॉरिबल सगळ्यांनी मिळून गायचं तर: शब्दपट्टी, साउंड आणि तालमीची तयारी

‘डॉ. हॉरिबल्स सिंग-अलाँग ब्लॉग’ हा गाण्यांनी भरलेला विनोदी कार्यक्रम जुलै २००८ मध्ये इंटरनेटवर आला. १५, १७ आणि १९ तारखेला एकेक अंक, आणि तोही फुकट. हॉलिवूडच्या लेखकांच्या संपाच्या काळात दिग्दर्शक जॉस व्हीडन, त्याचे भाऊ झॅक आणि जेड, आणि मॉरिसा टँचरोएन अशा चौघांनी तो लिहिला. स्टुडिओचा पैसा नव्हता, व्हीडनने स्वतःचा घातला. तीन अंक मिळून जेमतेम ४२ मिनिटं, पण त्यात संथ प्रेमगीत आहे, पत्र गाऊन दाखवणारे काउबॉय आहेत, आणि तिघं तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी गातात असा अंकाचा शेवटही आहे. अशी रचना एकट्याने हेडफोन लावून ऐकणं आणि साठ जणांनी एका खोलीत गाणं यांत फार अंतर आहे. हे दुसरं ज्यांना घडवून आणायचंय त्यांच्यासाठी हे टिपण आहे. दुसरी कुठलीही स्वतंत्रपणे बनवलेली संगीत-मालिका असली तरी यातलं बहुतेक सगळं जसंच्या तसं लागू पडेल.

पुढच्या सगळ्या तपशिलामागे एकच गोष्ट आहे. गाणाऱ्याला शब्द श्वास घेण्याआधी हवा असतो. साधी सबटायटल्स वाचणाऱ्यासाठी असतात, ती संवादाबरोबर उगवली तरी चालतं. गाण्याचे शब्द सुराबरोबर उगवले, तर अख्खं सभागृह अर्धी मात्रा मागे राहतं आणि दोन ओळींत गप्प होतं. लोक लाजतात म्हणून गात नाहीत, असं आयोजकांना वाटत राहतं. बहुतेक वेळा दोष शब्दपट्टीचा, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या गाण्याच्या ओळींचा असतो.

आधी परवानगी

घरी आठ-दहा मित्रांनी जमून बघायचं असेल तर हा भाग सोडून द्या. सभागृह, कॉलेजचा हॉल, क्लबची खोली असं काही असेल तर मात्र लेखी परवानगी घ्या. यूट्यूबच्या अटींत वैयक्तिक, अव्यावसायिक वापराला मुभा आहे आणि व्हिडिओचं सार्वजनिक प्रदर्शन करू नये असं स्पष्ट लिहिलंय. तिकीट लावलं नाही म्हणून ती अट सुटत नाही. विकत घेतलेली डीव्हीडीसुद्धा घरगुती वापरासाठीच असते.

मेलमध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या मागा: भाग दाखवण्याची परवानगी, गाण्याचे शब्द पडद्यावर दाखवण्याची परवानगी, आणि कार्यक्रमाचं चित्रीकरण करून टाकायचं असेल तर त्याची. एकच ‘परवानगी द्याल का?’ असं विचारलं, तर होकार नेमका कशाला मिळाला हे नंतर कळत नाही. तारीख, खुर्च्यांची संख्या, तिकीट आहे की नाही, जमलेले पैसे कुठे जाणार, हे सगळं पहिल्याच मेलमध्ये लिहा. लहान चमूकडे पत्रव्यवहाराला वेगळा माणूस नसतो. अर्धवट मेलला उत्तर देणं त्यांना जड जातं आणि तो तसाच पडून राहतो. निदान दोन महिने हाताशी ठेवा.

गाण्यांचं मराठी रूपांतर करून गायचं असेल तर ती चौथी, स्वतंत्र परवानगी आहे, आणि कामही वेगळंच. इथे मूळ शब्दच गायचे असं धरलंय.

शब्द कुठून घ्यायचे

अधिकृत गाण्यांसोबतचे शब्द, नाहीतर पटकथा आणि स्वरलिपी असलेलं मालिकेचं पुस्तक, एवढेच दोन भरवशाचे स्रोत. इंटरनेटवर चाहत्यांनी उतरवलेले शब्द सापडतात, पण त्यांत ऐकण्याच्या चुका असतात आणि एकाची चूक दहा ठिकाणी उचललेली असते. कुठलाही मजकूर घेतला तरी गाणं ०.७५ वेगाने लावून एकदा ओळीला ओळ ताडून बघा. यूट्यूबवर वेग कमी केला तरी सुराची पट्टी तीच राहते, त्यामुळे सूर ओळखीचा लागतो आणि शब्द सुटे होतात. ‘ओह’, ‘अँड’, ‘बट’ असे सुरुवातीचे बारके शब्द हमखास गळतात. गायला लागल्यावर तेच अडखळवतात, कारण नेमके तेच समेच्या आधी येतात.

शब्दपट्टी

हे सगळ्यात मोठं काम. एका मिनिटाच्या गाण्याला नवख्याला सहज तासभर लागतो. हात बसला की वीस मिनिटांत होतं.

सॉफ्टवेअर एजिसब घ्या. ते फुकट आहे आणि त्यात आवाजाची लहर आणि स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या उंच-खालच्या सुरांचं चित्र) दोन्ही दिसतात. सबटायटलची फाइल एएसएस प्रकारात ठेवा. एसआरटी या साध्या प्रकारामध्ये अक्षरागणिक रंग बदलता येत नाही, आणि ओळीची जागा हवी तशी ठरवता येत नाही. ती संवादांना पुरेशी आहे, गाण्याला नाही.

पडद्यावर एका वेळी दोन ओळी ठेवा: आत्ता गायची आणि तिच्या पुढची. ओळी सरकवू नका. पहिली ओळ वर, दुसरी खाली. दुसरी गायला सुरुवात झाली की वरच्या जागी तिसरी येते, तिसरी सुरू झाली की खालच्या जागी चौथी. म्हणजे प्रत्येक ओळ गायच्या आधी एक ओळभर वेळ पडद्यावर असते आणि डोळा फक्त वर-खाली फिरतो. सरकत्या ओळींत नजर ओळीचा पाठलाग करत बसते आणि जलद गाण्यात हरते.

ओळ तोडायची ती श्वासाच्या जागी. व्याकरणाने स्वल्पविराम कुठे दिलाय ते बघू नका. गायक कुठे श्वास घेतो ते ऐका. एका ओळीत ३५ अक्षरांपर्यंत उत्तम, ४२ च्या पुढे जाऊच नये.

रंग कधी बदलायचा, इथे सगळ्यांची चूक होते. एजिसबमध्ये शब्दांचे तुकडे पाडून प्रत्येकाला के-टॅग, म्हणजे वेळेची खूण, देता येतो. त्यातला आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात असतो, म्हणजे २५ लिहिलं की पाव सेकंद. टॅगचा एक प्रकार तुकड्याचा रंग एकदम बदलतो, दुसरा डावीकडून उजवीकडे हळूहळू भरत नेतो. भरत जाणारा रंग दिसायला सुंदर, पण लोक तो पूर्ण भरायची वाट बघतात आणि उशिरा गातात. एकदम बदलणारा वापरा. भरणारा रंग फक्त लांब धरलेल्या सुरांना ठेवा. तिथे सूर कधी सोडायचा हे त्यावरून कळतं.

तुकड्याची सुरुवात स्वरावर लावा, व्यंजनावर नाही. ठेका पडतो तो स्वरावर. ‘फ्रीझ’ हा शब्द घ्या. त्यातला ‘फ्र’ ठोक्याच्या किंचित आधी उच्चारला जातो आणि ‘ई’ ठोक्यावर येते. लहरीत ‘फ’ची बारीक, केसाळ पट्टी दिसते आणि मग एकदम उंच, नियमित लाटा सुरू होतात. खूण त्या लाटांच्या तोंडाशी करायची. शेवटचा ‘झ’ स्पेक्ट्रोग्राममध्ये वरच्या भागात धुरकट डाग म्हणून दिसतो, तिथे तुकडा संपतो. असं सगळं नीट लावून झालं की पूर्ण गाण्याच्या खुणा ८० ते १२० मिलिसेकंद पुढे ओढा, म्हणजे आधी आणा. सेकंदाला २४ फ्रेमच्या व्हिडिओत हे दोन-तीन फ्रेम होतात. डोळ्याने रंग टिपून तोंडातून सूर निघायला वेळ लागतो, तो असा भरून निघतो. स्वतः घरी तपासताना हे किंचित घाईचं वाटेल. तुम्हाला गाणं पाठ असतं म्हणून तसं वाटतं; पहिल्यांदा गाणाऱ्याला ते बरोबर वेळेवर येतं.

वाद्यांच्या तुकड्यानंतर गाणं पुन्हा उचलायचं असेल तिथे चार ठिपके लावा, प्रत्येक ठोक्याला एक विझवा. १२० च्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे चार ठिपक्यांना दोन सेकंद. लय संथ असेल तर तीनही पुरतात. ठिपके नसतील तर पहिला शब्द दर वेळी फक्त पाठ असलेले दोघं-तिघंच उचलतात.

आता तिघांच्या गाण्याचं. पहिल्या अंकाच्या शेवटी बिली (म्हणजेच डॉ. हॉरिबल), त्याचा शत्रू कॅप्टन हॅमर आणि बिलीला आवडणारी पेनी एकमेकांवर गातात. दुसऱ्या अंकात बिली आणि पेनीचं उलटसुलट भावनेचं दुपदरी गाणं आहे. इथे सगळे शब्द सगळ्यांनी गायचा प्रयत्न केला तर कालवा होतो. प्रेक्षकांचे खुर्च्यांप्रमाणे तीन गट पाडा आणि प्रत्येक पात्राच्या ओळी पडद्याच्या त्याच बाजूला ठेवा: डावा गट डावीकडची ओळ वाचेल. रंग पांढरा, पिवळा आणि फिकट निळा. लाल आणि गडद निळा काळोख्या दृश्यांत बुडतात, आणि लाल-हिरवा भेद काहींना दिसतच नाही. रंगापेक्षा जागा महत्त्वाची आहे. रंग ऐन वेळी विसरायला होतो, आपण कुठे बसलोय ते विसरत नाही. अशा जागी प्रत्येक गटाला एकेकच ओळ द्या. पुढची ओळ दाखवायचा नियम इथे सोडावा लागतो, नाहीतर पडद्यावर सहा ओळी होतात.

अक्षराचा आकार शेवटच्या रांगेवरून ठरवा. अंतराचा दोनशेवा भाग एवढी उंची धरा. शेवटची खुर्ची १५ मीटरवर असेल तर अक्षर साडेसात सेंटिमीटर उंच हवं. पडदा दोन मीटर उंच असेल तर १०८० च्या चौकटीत ते ४० पिक्सेल होतं, आणि त्यासाठी फॉन्टचा आकडा साधारण ६० ते ७२ लागतो. जाड वळणाचा फॉन्ट घ्या, काळी कड तीन-चार पिक्सेलची ठेवा.

जागा पडद्याच्या वरच्या भागात. सबटायटल खाली असतात या सवयीने शब्दही खाली टाकले जातात; सपाट जमिनीच्या हॉलमध्ये लोक गायला उभे राहिले की पडद्याचा खालचा तृतीयांश डोक्यांआड जातो. उतरत्या रांगांचं सभागृह असेल तरच खाली ठेवा.

मराठीचा वापर कुठे? संवादांना. गाण्यांत रोमन लिपीत मूळ शब्दच असू द्या, कारण तेच तोंडाने म्हणायचे आहेत. त्याखाली मराठी अर्थ टाकला की डोळा दोन ओळींत वाटला जातो आणि गाणं सुटतं. गाण्यांचा मराठी सारांश एका छापील पानावर देऊन दाराशीच वाटा. ज्यांना रोमन वाचायला वेळ लागतो त्यांच्यासाठी त्याच पानामागे उच्चारांची देवनागरी प्रत छापा. ती आधी चाळलेली असली की पडद्यावरचे शब्द ओळखीचे होतात.

देवनागरीतच शब्दपट्टी करायची ठरवलीत तर तुकडे पाडताना जोडाक्षराच्या मधे टॅग घालू नका. ‘स्त्री’ मधे टॅग आला की अक्षर फुटतं, पाय मोडलेला ‘स्’ एकटा उरतो आणि वेलांटी भलत्या ठिकाणी जाते. तुकडा नेहमी पूर्ण अक्षराचा. शिवाय देवनागरीला मात्रा वर आणि उकार खाली, त्यामुळे दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त अंतर लागतं. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट फुकट मिळतात आणि लांबून नीट वाचता येतात. फॉन्ट व्हिडिओच्या एमकेव्ही फाइलमध्ये जोडून ठेवा. दुसऱ्या लॅपटॉपवर तो नसेल तर प्लेयर कुठलातरी बारीक फॉन्ट उचलतो आणि सगळं मोजमाप वाया जातं.

साउंड

ज्या गोष्टीने कार्यक्रम खरोखर कोलमडतो ती ही: वाद्यं ऐकू येतात आणि आवाज गायब. याची दोन कारणं असतात आणि दोन्ही वायरिंगच्या आधी कळू शकतात.

पहिलं, फाइलमध्ये ५.१, म्हणजे सहा चॅनलचा ध्वनी आहे आणि लॅपटॉप फक्त पुढचे दोन चॅनल बाहेर पाठवतोय. मुख्य आवाज बहुधा मधल्या चॅनलमध्ये असतो, तो कुठे जातच नाही. प्लेयरमध्ये स्टीरिओ ट्रॅक निवडा किंवा सगळे चॅनल दोनांत मिसळायचा पर्याय चालू करा.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून स्टीरिओ वायर काढून ती साउंड मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड भोकात खुपसली, की मिक्सर डाव्यातून उजवं वजा करतो. दोन्हीकडे सारखा असलेला आवाज, म्हणजे नेमका गायकाचा, वजाबाकीत शून्य होतो. कडेची वाद्यं आणि थोडासा घुमारा तेवढा उरतो. यासाठी ३.५ मिलिमीटरच्या एका पिनमधून दोन वेगळ्या मोनो पिना निघणारी वायर लागते, आणि त्या मिक्सरच्या दोन वेगळ्या चॅनलमध्ये जातात. ही वायर स्वतःची ठेवा, हॉलवर मिळेल असं धरू नका. सोबत एक जादा.

चार्जर लावला की स्पीकरमधून ‘घूं’ असा आवाज येत असेल तर तो अर्थिंगच्या दोन वाटांमुळे. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, ४२ मिनिटं आरामात निघतात. किंवा लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (सिग्नल जुळवणारी छोटी पेटी) टाका. प्लगची अर्थ पिन काढून टाकायचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. त्याने शॉक बसू शकतो.

ब्लूटूथ स्पीकर नको. त्यात आवाज साधारण १०० ते २५० मिलिसेकंद मागे पडतो, आणि शब्दपट्टीवर घेतलेली सगळी मेहनत तिथे बुडते. काही प्लेयर चित्र मागे ओढून हे जुळवून घेतात, पण ऐन वेळी जुळवणी सुटली तर सावरायला वेळ नसतो. प्रोजेक्टरलाही स्वतःची दिरंगाई असते; त्याच्या मेनूत गेम मोड असेल तर तो लावा, चित्रावरची जादा प्रक्रिया बंद होते.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा मीटरला जवळजवळ ३० मिलिसेकंद, ते चालतं. ३० मीटर लांब हॉलमध्ये मागच्यांना ८७ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतं, ते त्या मानाने गातात आणि त्यांचा आवाज पुढे पोचेपर्यंत आणखी तेवढाच उशीर होतो. अशा जागी लोकांना पुढच्या अर्ध्या भागात बसवा. मागे स्पीकर लावून हे सुटत नाही; त्यांना वेगळी दिरंगाई मोजून द्यावी लागते, नाहीतर गोंधळ दुप्पट.

स्पीकर बसलेल्या डोक्यांच्या वर, दोन मीटरच्या आसपास ठेवा. रुंद हॉल असेल तर दोन्ही स्पीकरना मोनो द्या. या रचनांत दोन पात्रांचे आवाज कधी डाव्या-उजव्या बाजूला सरकवलेले असतात, आणि कडेच्या खुर्चीवाल्याला एकच पात्र ऐकू येतं. मोनो केल्यावर एकदा कान देऊन ऐका, काही वाद्यं पातळ झाली तर तेवढं सोसा.

पातळी किती? शेजारी गात असतानाही मूळ सूर ऐकू आला पाहिजे, नाहीतर पट्टी सुटते. रिकाम्या हॉलमध्ये चाचणी घेताना सगळं मोठं आणि चकचकीत ऐकू येतं. माणसं भरली की कपडे आणि अंगं वरच्या पट्टीतला आवाज शोषतात आणि व्यंजनं हरवतात. म्हणून चाचणीच्या पातळीच्या वर निदान ६ डेसिबल वाढवायला जागा शिल्लक ठेवा. वरची मर्यादा कानांची. कामाच्या ठिकाणी सर्वसाधारणपणे पाळल्या जाणाऱ्या हिशेबात ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार, ९१ ला दोन, ९४ ला एक तास. तीन अंकांना ९० च्या आसपास पुरे. लहान मुलं असतील तर आणखी खाली आणा.

मूळ गायकांचे आवाज काढून टाकू नका. सॉफ्टवेअरने आवाज वेगळे करता येतात, पण मागे पाण्याखालून आल्यासारखे तुकडे उरतात, आणि मुख्य म्हणजे साठ जणांचा आधारच जातो. डॉ. हॉरिबल झालेल्या नील पॅट्रिक हॅरिसच्या आवाजासोबत गायला मिळणं हाच तर आनंद आहे.

माणसं आणि पट्टी

स्टेजवर गायक उभे करू नका. ते उभे राहिले की बाकीचे श्रोते होतात. त्याऐवजी गाणी पाठ असलेले चार ते सहा जण प्रेक्षकांत पेरा, माइक न देता: दोन मागे, दोन मधे, एकेक कडेला. त्यांत बायका आणि पुरुष दोन्ही हवेत, म्हणजे दोन्ही सप्तकं कानावर पडतात. बिलीची गाणी पुरुषांच्या पट्टीत वर चढतात. मूळच्या वरच्या सप्तकात गायला गेलं की बऱ्याच बायकांना ती फार उंच होतात, आणि खर्जातल्या पुरुषांना मूळ सप्तकच टोचतं. ‘ज्याला जे सप्तक झेपेल ते धरा, मधेच बदललं तरी चालेल’ हे सुरुवातीला मोठ्याने सांगा. एवढ्या एका वाक्याने गाणाऱ्यांची संख्या वाढते.

या चार-सहा जणांची तालीम मात्र पक्की हवी. ऑडेसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेंपो कमी करून जलद ओळी बसवा, पट्टीला हात लावू नका. कॅप्टन हॅमरच्या तोंडच्या फुशारकीच्या ओळींत श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलीने खूण करून ठरवा; दोघांनी वेगळ्या जागी घेतला की मागचे गोंधळतात.

प्रेक्षकांची तालीम सुरू होण्याआधी दहा मिनिटं, दोनच गाणी. पहिल्या अंकातलं लाँड्रीतलं संथ गाणं, आणि काउबॉयचं पत्र. पहिलं सोपं आहे आणि शब्दपट्टी कशी वाचायची ते त्यावर कळतं. दुसरं छोटं, ठसक्याचं, ते गायल्यावर संकोच जातो. तिसऱ्या अंकातलं काहीही आधी गाऊन घेऊ नका. पहिल्यांदा बघणारे नेहमी असतात आणि त्या अंकाचं वळण त्यांना कोऱ्या मनाने मिळालं पाहिजे. छापील पानावरही तिसऱ्या अंकाचे सारांश घडी घालून आत ठेवा किंवा दुसऱ्या अंकानंतर वाटा.

नियम एकच सांगा: गाण्यात गायचं, संवादात गप्प. जुन्या चाहत्यांना संवादांच्या आधीच पुढचं वाक्य ओरडायची हौस असते. त्याने नव्या माणसाचा विनोद हुकतो, आणि या मालिकेतले निम्मे विनोद बोलण्याच्या ओघात, दबक्या आवाजात येतात.

वेशभूषा करून आले तर छानच. पांढरा कोट, गॉगल, रबरी हातमोजे. गॉगल गाताना कपाळावर चढवायला सांगा, रंगीत काचेतून पिवळे शब्द दिसत नाहीत. मोजे घालून टाळ्या वाजत नाहीत, म्हणून एकाच हातात मोजा घालायला सांगा, किंवा टाळीच्या जागी पायाने ठेका.

अंकांच्या मधे तीन-चार मिनिटं थांबा. मालिका मुळात तशीच, दोन-दोन दिवसांच्या अंतराने, लोकांसमोर आली होती आणि प्रत्येक अंकाचा शेवट त्या बेताने लिहिलेला आहे. सलग दाखवलं की पहिल्या अंकाचं त्रिकूट हवेत विरायच्या आत दुसरा सुरू होतो. शिवाय घशाला पाणी लागतं.

आयत्या वेळी

फाइल लॅपटॉपमध्ये असू द्या, हॉलच्या वायफायवर विसंबू नका. दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर. नोटिफिकेशन बंद, स्क्रीन झोपणं बंद, आणि पडदा ‘एक्स्टेंड’ वर, म्हणजे तुमची धावपळ लोकांना दिसत नाही.

शब्द सगळीकडे सारखेच उशिरा येत असतील तर व्हीएलसी प्लेयरमध्ये जी आणि एच या कळांनी सबटायटल पुढे-मागे होतात, दर दाबाला ५० मिलिसेकंद. ओठ आणि आवाज जुळत नसेल तर जे आणि के. आवाजाचं आधी जुळवा, शब्दांचं मग. उलट केलं तर दोनदा करावं लागतं.

शब्द सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे मागे पडत गेले, तर मात्र कळा दाबून उपयोग नाही. ज्या प्रतीवर शब्दपट्टी केली ती आणि चालू असलेली प्रत यांचा वेग वेगळा आहे. २३.९७६ आणि २४ फ्रेममधला फरक ४२ मिनिटांत अडीच सेकंदांचा होतो, २३.९७६ आणि २५ मधला शंभर सेकंदांचा. एजिसबमध्ये फ्रेमरेट बदलून नवी फाइल काढायला दोन मिनिटं लागतात, पण ते आदल्या दिवशी कळलेलं बरं. त्यासाठी प्रत्येक अंकाचं पहिलं आणि शेवटचं गाणं, त्याच लॅपटॉपवर, त्याच प्रतीवर लावून बघा. फक्त पहिलं तपासलं तर हा दोष दिसत नाही.

आणि एक जण शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यात बसवून ठेवा, हातात फोन आणि काम एकच: मिक्सरवरच्या माणसाला कळवायचं, ‘आवाज वाढव’, ‘शब्द डोक्याआड गेले’, ‘मागे कोणी गात नाहीये’. मिक्सरजवळ सगळं नेहमीच ठीक ऐकू येतं.